आमच्या घरी रिव्हॉल्व्हर आले तेव्हा



कुटुंबाच्या पानावर आपण मुलांच्या शिक्षणाविषयी, लग्नातल्या खर्चाविषयी, म्हाताऱ्या माणसांच्या आजारपणाविषयी वाचतो. आज आम्ही नवरा-बायको एका वेगळ्याच वस्तूविषयी लिहीत आहोत. ही वस्तू आमच्या घरात आठ वर्षे होती. वजन पाऊण किलोच्या आसपास, लांबी वीतभराहून थोडी कमी. ती रोज दिसत नसे, पण घरात आहे हे आम्ही एक दिवसही विसरलो नाही. ते होते परवान्याचे रिव्हॉल्व्हर. लेखणी घरातल्या बाईच्या हातात आहे, म्हणून घरधन्यांचा उल्लेख 'हे' असा येईल. बाकी 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघेही.

आमचे खुटबाव दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर यवत आणि केडगाव या स्टेशनांच्या मध्ये आहे. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी तालुक्यात फिरले आणि इकडे ऊस आला. उसामागे गुऱ्हाळे आली, हिरव्या चाऱ्यामागे जनावरे आली. आमची शेती थोडी, म्हणून ह्यांनी वस्तीवर दूध संकलन केंद्र सुरू केले. सकाळ-संध्याकाळ चाळीस घरांचे दूध यायचे. दूधवाल्यांचा हिशेब दर दहा दिवसांनी होतो. त्या दिवशी हे केडगावच्या बँकेतून रोकड आणायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून एकेकाच्या हातात पैसे ठेवायचे. कुणाला शाळेची फी भरायची असे, कुणाला दवाखाना, कुणाला किराणा. चाळीस चुली त्या पिशवीकडे डोळे लावून बसलेल्या असत.

२०१५ च्या दिवाळीला चार दिवस राहिले होते. हे मोटारसायकलवरून पिशवी घेऊन येत असताना मागून दुसरी मोटारसायकल आली. मागे बसलेल्याने ह्यांच्या डोळ्यांत मिरचीची पूड फेकली. गाडी घसरली, गुडघा फुटला आणि पिशवी गेली. एक लाख बत्तीस हजार रुपये होते. सगळा प्रकार चहाचा कप खाली ठेवायला लागतो तेवढ्या वेळात उरकला. तक्रार दिली, पण पैसे परत मिळाले नाहीत. दिवाळी तोंडावर होती आणि पैसे लोकांचे होते. आम्ही दोन दुभत्या म्हशी विकल्या, अंगावरचे सोने गहाण टाकले आणि पाडव्याच्या आदल्या रात्री चाळीसही घरांचा हिशेब चुकता केला. दिवाळीत आमच्या घरी गोडाधोडाचे काही झाले नाही, पण कुणाचा एक रुपया राहिला नाही.

पैसे फिटले, भीती मात्र फिटली नाही. मागून गाडीचा आवाज आला की हे रस्त्याच्या कडेला उतरून उभे राहू लागले. रात्री कुत्रे भुंकले की दोघेही उठून बसायचो. अशातच एक दिवस हे म्हणाले, "आपण रिव्हॉल्व्हरचा परवाना काढायचा."

आमचे सासरे तेव्हा होते. सारी वस्ती त्यांना हवालदारबाबा म्हणे. १९६३ साली महार रेजिमेंटमध्ये भरती झालेले, मध्य प्रदेशातल्या सागरच्या केंद्रात घडलेले. ते ऐकून आधी हसले. मग म्हणाले, "माझ्या आज्याच्या हातात घुंगुरकाठी होती. गावाची राखण करायची, पण गावात वर मान करून चालायचं नाही. माझ्या हातात सरकारनं मशीनगन दिली. आता माझा पोरगा सोताच्या नावावर हत्यार मागतोय. माग की! फकस्त, मागायच्या आधी जाणून घे."

हवालदारबाबा जे सांगत ते आमच्या घरात गोष्टीसारखे चालत आले आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत जे लढले, त्यांच्याच जातीची भरती इंग्रजांनी पुढे १८९० च्या दशकात बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली अर्ज लिहिले, की आमच्या माणसांना पुन्हा फौजेत आणि पोलिसात घ्या. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली एक महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली गेली. अखेर बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. साध्या माणसाच्या घरातल्या हत्याराची गोष्टही अशीच. १८७८ च्या इंग्रजी कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नसे, युरोपियनांना मात्र सूट होती. आमच्या लहानपणी बंदूक म्हटले की वाड्यातल्या भिंतीवर टांगलेली, एवढेच आम्हाला माहीत होते. आपल्या वस्तीतल्या माणसाच्या नावावर हत्यार असू शकते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

जाणून घे म्हणाले, म्हणून आम्ही जाणून घेतले. विहारात येणाऱ्या एका वकील तरुणाने कायदा उलगडून सांगितला. ती माहिती आपल्या घरांत फारशी नसते, म्हणून इथे देतो.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ साली आले. अर्जदाराचे वय एकवीस वर्षे पूर्ण हवे. ग्रामीण भागात परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, आणि त्याआधी पोलिसांचा अहवाल लागतो. याच कायद्याच्या चौदाव्या कलमात एक वाक्य असे आहे, की ते ऐकून आम्ही वकिलाला पुन्हा वाचायला लावले. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारण लिहून ठेवावे लागते, आणि त्यावर अपील करता येते. जमीनजुमला असणाऱ्यांनीच हत्यार बाळगावे ही समजूत कायद्याने केव्हाच मोडली आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली जे नियम झाले, त्यातला तिसरा नियम प्रत्येक वस्तीत माहीत असायला हवा. जिथे अनुसूचित जाती-जमातींवर अत्याचार होण्याचा संभव आहे असा भाग सरकारने आधीच ओळखायचा. जरूर वाटल्यास त्या भागातल्या इतर लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करायची, बेकायदा हत्यारे जप्त करायची, आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी जरूर वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना शस्त्र परवाने द्यायचे. ही तरतूद सरकारी नियमात छापलेली आहे. 'जरूर वाटल्यास' हे शब्द सरकारच्या हातात आहेत हे खरे, पण मागणी करणे आपल्या हातात आहे. आमच्यावर अत्याचार झाला नव्हता, आम्हाला चोरांनी लुटले होते. दुसऱ्याच्या दुःखासाठी केलेला नियम आपल्या कामाला वापरायचा नाही असे ठरवून आम्ही साध्या मार्गाने, रोकड वाहून नेण्याच्या जोखमीचे कारण देऊन अर्ज केला.

अर्ज २०१६ च्या अखेरीस गेला. फोटो, राहण्याचा पुरावा, लुटीच्या तक्रारीची प्रत, शरीर आणि मन ठीक असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र असा कागदांचा गठ्ठा झाला. चौकशीला आलेल्या पोलिसांनी शेजारीपाजारी विचारले, हे दारू पितात का, भांडखोर आहेत का, घरात कलह आहे का. शेजारच्या मळ्यातल्या काकूंनी उत्तर दिले, "दिवाळीला म्हशी विकून लोकांचे पैसे दिले त्यांनी. अजून काय पायजे?" ते शब्द आम्हाला कोणत्याही दाखल्याहून मोठे वाटले.

त्या गठ्ठ्यात एक कागद असा होता की तो पैसे देऊन मिळत नव्हता, शिकूनच मिळवायचा होता. हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र. २०१६ च्या नियमांनी ते आवश्यक केले. २०१७ च्या पावसाळ्यात खुटबाव स्टेशनातून सकाळची गाडी धरून आम्ही पुण्याला गेलो. परवाना ह्यांच्या एकट्याच्या नावावर व्हायचा होता, पण प्रशिक्षकांनी फोनवर सांगितले होते, "ताईंनाही आणा. ज्या घरात हत्यार येणार, त्या घरातल्या बाईला ते रिकामं आहे की भरलेलं, एवढं तरी कळलं पाहिजे."

प्रशिक्षक फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. पहिले दोन तास त्यांनी काडतूस दाखवलेच नाही. रिकामे रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवले, सहा काडतुसांचे चाक बाजूला काढून सहाही भोके दाखवली आणि विचारले, "भरलेलं आहे की रिकामं?" आम्ही म्हणालो, "रिकामं." ते म्हणाले, "चूक. हातात येणारं प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं. मी आत्ता दाखवलं तरी तुम्ही स्वतः पुन्हा उघडून बघायचं." मग पुढचे नियम आले. ज्याला मारायचे नाही त्याच्याकडे नळी करायची नाही, चेष्टेतसुद्धा नाही. निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचे नाही, ते बाहेर सरळ ठेवायचे. आणि चौथा नियम म्हणजे, समोर कोण आहे हे नक्की माहीत हवे आणि त्याच्या मागे कोण आहे हेही माहीत हवे. गोळी समोरच्यापाशी थांबेलच असे नसते.

हा चौथा नियम ते दर दहा मिनिटांनी विचारत. ह्यांनी हात उचलला की पाठीमागून आवाज यायचा, "दादा, मागे कोण आहे?"

दुपारी कानांवर आवाजरोधक लावून आम्ही खरी काडतुसे झाडली. सात मीटरवर पुठ्ठ्याचे लक्ष्य होते. सिनेमात नायक धावत धावत नेम धरतो. इथे दोन्ही हातांनी मूठ धरून, पाय रोवून, श्वास रोखून उभे राहिलो तरी ह्यांच्या सहा गोळ्यांतली एक पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला लागली. बाकीच्या मातीच्या बांधात गेल्या. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड असतो. तो ओढताना मनगट झुकते, आणि आवाजाच्या धास्तीने माणूस आधीच झटका देतो. घरातल्या बाईच्या सहापैकी तीन गोळ्या लागल्या. प्रशिक्षक हसून म्हणाले, "ताईंना आवाजाची घाई नाही."

चहाच्या वेळी त्यांनी लुटीची हकिकत सगळी विचारून घेतली. मग ह्यांना म्हणाले, "त्या दिवशी हे कमरेला असतं तर काय केलं असतं? डोळ्यांत मिरची, अंगावर गाडी, पाकिटाचं बटण उघडायचं, चोर पाठ फिरवून चाललेला. रस्त्यावर दुसरं कोण होतं?" हे थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "समोरून शाळेची पोरं येत होती." प्रशिक्षक काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी स्वसंरक्षणाचा कायदा समजावला. जिवावरचा धोका खरा आणि समोरचा हवा, बचावाला लागेल तेवढेच बळ वापरायचे, धोका टळला की अधिकारही संपतो. तेव्हा ही कलमे भारतीय दंडविधानात ९६ ते १०६ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ झाली आहेत. "पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडलीत, तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही उभे राहाल," हे त्यांचे शेवटचे वाक्य.

परतीच्या गाडीत प्रमाणपत्र मांडीवर होते आणि दोघेही गप्प होतो. रिव्हॉल्व्हर असते तरी ती पिशवी वाचली नसती हे दोघांनाही कळून चुकले होते. त्याआधी आणखी एक गोष्ट झाली होती. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी झाली आणि रोकडीचा व्यवहार अडला. दुधाचे पैसे खात्यात टाका असे तरुण दूधवाले स्वतःच म्हणू लागले. चाळीसपैकी पंधरा घरांचे पैसे बँकेतून परस्पर जाऊ लागले होते. म्हणजे ज्या कारणासाठी हत्यार मागितले, ते कारण फाइल चालू असतानाच हलके होत चालले होते.

मग आम्ही अर्ज मागे का घेतला नाही? खरे सांगायचे तर मानासाठी. आपल्या वस्तीत पहिले रिव्हॉल्व्हर आपल्या घरी येणार, ही हौस भीतीपेक्षा मोठी झाली होती. गावातल्या एका गृहस्थांनी चावडीजवळ ह्यांना विचारले होते, "तुम्हाला कशाला पायजे रं पिस्तूल?" त्या 'तुम्हाला' या शब्दातला अर्थ आम्हाला न कळण्याइतके आम्ही भोळे नाही. त्या एका शब्दामुळे आम्ही अर्ज शेवटपर्यंत नेला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये परवाना हातात आला. डिसेंबरमध्ये सरकारमान्य विक्रेत्याकडून कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले .३२ चे रिव्हॉल्व्हर घेतले. लाखाच्या आसपास रक्कम गेली. जवळजवळ तेवढीच, जेवढी चोरांनी नेली होती. हत्यार अधिकाऱ्यांना दाखवून त्याचा नंबर परवान्यावर चढवला. भिंतीत लोखंडी पेटी बसवली. रिव्हॉल्व्हर पेटीत आणि काडतुसे धान्याच्या खोलीतल्या वेगळ्या कुलपात. दोन किल्ल्या दोघांकडे. हवालदारबाबांनी सगळे पाहिले आणि म्हणाले, "फौजेत संध्याकाळी हत्यार कोतात जमा व्हायचं. मोजून द्यायचो, मग जेवायला बसायचो. शस्त्रागारात कुलूपबंद असायचं सगळं. हत्याराशेजारी मी बाराही महिने कधी झोपलो नाही. तू झोपणार हायेस, एवढं ध्यानात ठेव."

विहारातल्या एका वयस्कर उपासिकेने विचारले, "पंचशील म्हणता, पहिलंच शील प्राणिहत्येचं, आणि घरात पिस्तूल?" आम्ही तिला टाळले नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, हे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, "बरोबर. पण इच्छा आणि गरज रात्रीच्या अंधारात ओळखता येते का?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते पुढच्या चौदा महिन्यांत दोनदा समोर आले.

पहिला प्रसंग महिनाभरातच आला. १ जानेवारी २०१८. कोरेगाव भीमाच्या लढाईला दोनशे वर्षे झाली म्हणून आमच्या वस्तीतूनही माणसे विजयस्तंभाला अभिवादन करायला गेली होती. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले, तेव्हापासून ते आपल्या श्रद्धेचे ठिकाण झाले. त्या दिवशी तिथे दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या, एका तरुणाचा जीव गेला. आपली माणसे परत येईपर्यंत वस्तीत चूल पेटली नाही. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद होता. आदल्या रात्री पुतणे आणि त्यांचे मित्र ओसरीवर जमले. सगळ्यांची डोकी तापलेली. त्यांतल्या एकाने खालच्या आवाजात विचारले, "काका, ते हाये ना घरात?"

पोरांचा राग खोटा नव्हता. आमचाही नव्हता. पण पाच-सात चांगल्या शिकलेल्या मुलांचे डोळे भिंतीतल्या पेटीकडे वळले, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. परवान्याच्या अटींतच लिहिलेले असते, की जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेज अशा ठिकाणी हत्यार न्यायचे नाही. परवानाधारकाशिवाय दुसऱ्याने ते हाताळले तर दोघेही अडकतात. पण त्या रात्री कायदा सांगून पोरे ऐकली नसती. हवालदारबाबा काठी टेकत बाहेर आले. म्हणाले, "एक गोळी सुटली की त्या गोळीचीच बातमी व्हईल. तुमच्यावर दगड पडले हे कुणाच्या ध्यानात राहणार न्हाय. शिकलाय ना? मग कागद काढा. कुणाला काय लागलं, कुणाची गाडी जळली, लिहून काढा." पोरे रात्रभर लिहीत बसली. आम्ही दोघांच्याही किल्ल्या एका फडक्यात बांधून हवालदारबाबांच्या उशाखाली ठेवल्या. त्या आठवडाभर तिथेच राहिल्या.

दुसरा प्रसंग जानेवारी २०१९ चा. उसाचा हंगाम ऐन भरात होता. आमच्या गोठ्यापलीकडच्या मोकळ्या रानात ऊसतोड कामगारांनी पाचटाच्या कोप्या घातल्या होत्या. त्यांत लहान लेकरेही होती. रात्री दोनच्या सुमारास कुत्रे भुंकू लागले. हे उठले. त्या दिवशी दहा दिवसांच्या हिशेबाची थोडी रोकड घरात होती. खिडकीतून पाहिले तर दूध केंद्राच्या दारापाशी कुणीतरी वाकून काही चाचपत होते. डोक्या-तोंडाला मफलर गुंडाळलेला. ह्यांनी पेटी उघडली, धान्याच्या खोलीतून काडतुसे आणून भरली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. "कोण आहे?" म्हणून ओरडले. उत्तर नाही. पुन्हा ओरडले. तो माणूस तसाच वाकलेला. ह्यांचे दोन्ही हात वर गेले.

पुढचे हे स्वतःच्या तोंडाने असे सांगतात. "बोट बाहेर सरळ होतं. आत न्यायचं म्हणून हुकूम सोडला, आणि कानात आवाज आला, दादा, मागे कोण आहे? मागे कोप्या होत्या. पाचटाच्या भिंतीआड लेकरं झोपली होती." हात आपोआप खाली आला. तेवढ्यात आम्ही घरातून अंगणातल्या दिव्याचे बटण दाबले.

तो शेजारच्या मळ्यातल्या काकूंचा मुलगा होता. शेतीची वीज रात्रीची, कालव्याच्या पाण्याची पाळीही रात्रीची. मोटार चालू होईना म्हणून तो आमच्या केंद्राच्या दाराशी ठेवलेला पाना शोधत होता. तो पाना गरजेला कुणीही न्यावा ही आमच्यात जुनी रीत. थंडी म्हणून तोंडाला मफलर, आणि मफलरच्या आत कानांत गाण्याची वायर. त्याने मान वर केली, ह्यांच्या हातातले पाहिले आणि मटकन खाली बसला. हेही बसले. आम्ही दोघांना पाणी दिले. ह्यांचा तांब्या धरलेला हात इतका थरथरत होता, की निम्मे पाणी सदऱ्यावर सांडले.

सकाळी काकू आल्या. आम्हाला वाटले आता शिव्या देणार, आणि तो त्यांचा हक्कच होता. त्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, दार उघडायच्या आधी दिवा लावत जा." एवढेच बोलून दुधाची किटली ठेवून गेल्या. ज्या बाईने आमच्या चांगल्या वागणुकीची साक्ष दिली होती, तिचाच मुलगा आमच्या नळीसमोर आला होता. ही गोष्ट आम्ही अजून पचवलेली नाही.

त्याच वर्षी लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक झाली. दोन्ही वेळी आचारसंहितेत हत्यार जमा करण्याची नोटीस आली आणि आम्ही जमा केले. गावातले काही परवानाधारक कुरकुरले. आम्ही मात्र जमा केल्याची पावती घेऊन घरी आलो आणि गाढ झोपलो. हत्यार घरात नसताना झोप जास्त चांगली लागते हे ध्यानात आल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले, पण लगेच बोललो नाही.

मग आम्ही करायच्या साध्या गोष्टी केल्या. अंगणात आणि केंद्राच्या दाराशी दिवे लावले. पाना बाहेरच्या खुंटीला टांगला. राहिलेल्या पंचवीस घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन एकेक करून बँकेत गेलो, खाती उघडली, अंगठे उठवले. २०२२ पर्यंत दहा दिवसांचा सगळा हिशेब खात्यातून होऊ लागला. आता पिशवीच नाही तर लुटायचे काय? बिबटे वाढले तेव्हा कुणी कुणी म्हणाले, "तुमच्याकडं पिस्तूल हाय, बरं झालं." त्यांना सांगावे लागले, की बिबट्याला मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि अंधारात उसाच्या दिशेने गोळी झाडली तर ती बिबट्यापेक्षा पाणी धरणाऱ्या माणसालाच लागायची.

हवालदारबाबा २०२१ साली गेले. त्यांच्यामागे उशाखाली किल्ली ठेवायला जागा उरली नाही. २०२० मध्ये नूतनीकरण केले होते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली होती, म्हणून तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत चालला. मुदत संपत आली तेव्हा हे म्हणाले, "पुन्हा अर्ज करू का?" घरातल्या बाईने विचारले, "कशासाठी?" हे बराच वेळ विचार करून म्हणाले, "कशासाठीच नाही." मग रिव्हॉल्व्हर सरकारमान्य विक्रेत्याला रीतसर दिले आणि परवाना रद्द करण्याचा अर्ज केला. आज त्या लोखंडी पेटीत जमिनीचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे आणि हवालदारबाबांची पदके आहेत.

परवाना काढला याचा आम्हाला पश्चात्ताप नाही. तो आपला हक्क आहे, आणि 'तुम्हाला कशाला' असे विचारणाऱ्याला कायद्याच्या कागदाने उत्तर देता आले याचे समाधान आहे. जिथे खरोखर जिवावरचा धोका आहे, तिथे आपल्या माणसांनी १९९५ च्या नियमावर बोट ठेवून मागणी जरूर करावी. पण ज्यांच्या मनात केवळ हौस किंवा मान असेल, त्यांनी आधी एक दिवस प्रशिक्षण घ्यावे, घरातल्या बाईला सोबत न्यावे आणि मगच अर्ज लिहावा. आमच्या हातून त्या रात्री जे घडले नाही, ते प्रशिक्षणामुळे घडले नाही. त्या एका दिवसाची फी ही आमच्या साऱ्या खर्चातली सर्वात सार्थकी लागलेली रक्कम.

काकूंचा तो मुलगा आता दोन लेकरांचा बाप आहे. सकाळी दूध घेऊन येतो, धाकट्याला आमच्या ओट्यावर सोडतो आणि रानात जातो. ते लेकरू अंगणभर धावते. त्याला पाहिले की आम्ही दोघेही क्षणभर थांबतो आणि मग आपापल्या कामाला लागतो.

जय भीम.